अकराव्या वर्षाचं जंगल

फळ्यावर 100 हा आकडा आणि त्याखाली जाड रेघ. हे जंगल. वर्गात पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येकाच्या हातात कागदाची चिठ्ठी. यंदा या जंगलातून आपल्याला किती झाडं हवीत ते शेजाऱ्याला न दाखवता लिहायचं, बोलायचं नाही. चिठ्ठ्या गोळा होतात, त्यांची बेरीज शंभरातून वजा होते आणि उरलेल्या दर पाच झाडांमागे एक नवं झाड जंगलात येतं. जंगल शंभराच्या पुढे मात्र वाढत नाही, कारण जमीन तेवढीच. मग दुसरं वर्ष, पुन्हा चिठ्ठ्या. एका तासिकेत दहा वर्षं सहज उलटतात.

खेळ साधा आहे, हिशेब तेवढा साधा नाही. प्रत्येकानं पाच-पाच झाडं घेतली तर पहिल्या वर्षाअखेर 75 उरतात, त्यांची 90 होतात. काही बिघडलंय असं वाटतच नाही. पुढे 78, मग 63, मग 45, मग 24. सहाव्या वर्षी मागणी 25 झाडांची आणि जंगलात 24. तीही वाटून घेतली की संपलं. पाचही जणांची गोळाबेरीज केली तर माणशी 30 झाडंसुद्धा हाती लागलेली नसतात. शेजारच्या गटानं दरवर्षी तीन-तीनच घेतली असतील तर दहा वर्षांत त्यांना माणशी बरोबर 30 मिळतात, आणि फळ्यावर 100 आकडा जसाच्या तसा.

इथपर्यंत सगळं गोष्टीतल्या सोन्याच्या अंड्यासारखं चालतं आणि मुलं माना डोलावतात. खरी गंमत चारच्या आकड्यात आहे. पाचांपेक्षा एक कमी, तीनांपेक्षा एकच जास्त. तीन वर्षं झाली तरी या गटाच्या जंगलात 85 झाडं उभी असतात. नऊ वर्षं सगळ्यांना पुरतं, दहाव्या वर्षी 12 उरतात आणि तीही जातात. पण दहा वर्षांत या गटाला माणशी 38 झाडं मिळालेली असतात. तीन घेणाऱ्या शहाण्या मुलांपेक्षा आठ जास्त! म्हणजे जिंकलं कोण? दहाव्या वर्षी खेळ थांबला तर चार घेणारे. अकरावं वर्ष उजाडणार असेल तर तीन घेणारे. उत्तर गणितात नाही, अकराव्या वर्षाशी आपलं नातं काय यात आहे. नेमक्या याच जागी वर्ग भांडायला लागतो, आणि शिक्षकानं त्या वेळी गप्प बसणं फार महत्त्वाचं असतं.

अशा खेळांना आता बरीच वर्षं झाली. डेनिस मेडोज यांचा मासेमारीवरचा खेळ व्यवस्थापनाच्या वर्गांत गाजला. त्यात बोटी घेणारे विद्यार्थी समुद्र रिकामा करून मोकळे होतात. त्यामागचा मोठा वाद मात्र 1968 मधला. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की सामायिक कुरण असेल तर प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडणार, आणि कुरण उजाड होणार. तोडगा म्हणजे सरकारी ताबा किंवा खासगी मालकी. त्यांच्या गुराख्यांची एक गोष्ट विचित्र होती. ते एकमेकांशी बोलतच नव्हते. गावात राहणाऱ्या कुणालाही हे खटकायला हवं होतं. हार्डिन यांनी पुढे मान्य केलं की आपण ज्याबद्दल बोललो ती व्यवस्था नसलेली सामायिक मालमत्ता होती.

एलिनोर ऑस्ट्रम यांनी बोलणाऱ्या गुराख्यांचा शोध घेतला. 1990 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या गावाचा दाखला आहे. हिवाळ्यात घरच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या, असा नियम तिथं 1517 पासून नोंदलेला आहे. नियमाची हुशारी अशी की कुरणावर पहारा ठेवावा लागत नाही; ज्याचा त्याचा गोठाच मोजमाप करतो. अशा अनेक उदाहरणांवरून ऑस्ट्रम यांनी दाखवलं की वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले, स्वतः राखलेले नियम शेकडो वर्षं टिकतात. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

वर्गात खेळ घेणाऱ्यानं मात्र त्यांच्याही आधी कोलंबियातल्या हुआन कामिलो कार्देनास यांचा प्रयोग समजून घ्यावा. कार्देनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यापीठातली मुलं न घेता त्यांनी खेड्यांतली माणसं घेतली, जी खरोखर जंगलातून लाकूडफाटा आणतात. आठ-आठ जणांचे गट, आणि जंगलात किती वेळ घालवायचा याचा गुप्त निर्णय. काही फेऱ्यांनंतर काही गटांना एकत्र बसून बोलायची मुभा दिली. बंधन कसलंच नाही, फक्त बोलणं. बाकीच्या गटांना बोलू दिलं नाही. त्यांच्यावर बाहेरून मर्यादा घातली. ती मोडली तर दंड, पण तपासणी क्वचितच. बोलणारे गट सावरले. दंडवाल्या गटांनी सुरुवातीला हात आखडता घेतला, आणि मग हळूहळू ते आधीपेक्षाही स्वार्थी झाले. सापडण्याची शक्यता किती आणि दंड किती, हा हिशेब माणसं शिकली, आणि ‘आपलं जंगल’ हा विचार त्या हिशेबात विरून गेला. फॉरेस्ट गार्डची मोटारसायकल कोणत्या वारी येते हे ज्या गावात सगळ्यांना पाठ असतं, तिथं या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही.

म्हणून खेळाच्या तीन फेऱ्या ठेवाव्यात. पहिली मुकाट. दुसरीत शिक्षक स्वतः गार्ड होऊन मर्यादा जाहीर करतात आणि दहातली एखादीच चिठ्ठी उघडून पाहतात. तिसरीत दहा मिनिटं बोलायला मोकळीक. तिन्ही फेऱ्यांचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी राहू द्यावेत.

पण बोलायचं म्हणजे नेमकं कसं? इथं बहुतेक शाळा अडखळतात. वर्गाला निर्णयाची एकच रीत ठाऊक असते: हात वर करा. सहलीला कुठं जायचं, मॉनिटर कोण, सगळं हात वर करून. जंगलाच्या बाबतीत ही रीत कशी फसते ते तीस मुलांत दाखवता येतं. समजा, जंगलाच्या मोकळ्या तुकड्यावर काय वाढवायचं ते ठरवायचंय: बांबू, मोह की चारा. दहा मुलांची पसंती बांबू, मग मोह, मग चारा. दुसऱ्या दहांची मोह, चारा, बांबू. उरलेल्या दहांची चारा, बांबू, मोह. आता दोन-दोन पर्यायांवर मतं घ्या. बांबू विरुद्ध मोह: बांबू 20-10 नं जिंकतो. मोह विरुद्ध चारा: मोह 20-10. म्हणजे बांबू सगळ्यांत सरस? चारा विरुद्ध बांबू घेऊन पाहा: चारा 20-10! घाण्याच्या बैलासारखं बहुमत गोल फिरत राहतं, आणि शेवटचं मतदान कोणत्या जोडीवर घ्यायचं हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्याच हातात. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से यांनी 1785 मध्येच हा पेच मांडला होता. मतदान टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. मतदानाला काय विचारायचं आणि केव्हा विचारायचं, हे आधी ठरावं लागतं एवढंच.

गडचिरोली-धानोरा रस्त्यावरच्या मेंढा गावानं हे फार पूर्वी ओळखलं. लेखा गावाशेजारचं म्हणून मेंढा (लेखा). शंभराच्या आसपास घरं, बहुसंख्य गोंड. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रात अनेकांना माहीत असते. तिच्यामागची बैठकीची पद्धत मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. ऐकणाऱ्याला वाटतं की अशानं काहीच ठरणार नाही. ठरतं, कारण ग्रामसभेखेरीज गावात दुसरी एक बैठक चालते, ती म्हणजे अभ्यासगट. तिथं कुणीही यावं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावं, विषयाच्या सगळ्या बाजू उलगडाव्यात, वाद घालावा. फक्त निर्णय घ्यायचा नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ही पद्धत बाहेरच्यांना कळली. अभ्यासगटात हरायचं-जिंकायचं काही नसल्यामुळे माणसं ‘मला समजलं नाही’ असं म्हणू शकतात. ग्रामसभेत ते म्हणणं जड जातं.

या पद्धतीनं गाव कुठवर गेलं ते नोंदलेलं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून असलेल्या गावांना ते राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क दिला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक. कागद मिळाला तरी बांबू काही हाती येईना. कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं, तरी तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हातात. अखेर एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. दोन वर्षांनी गावानं आपल्या जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचं ठरवलं. तेही सर्वसहमतीनं.

वर्गापुरतं यातून उचलण्याजोगं काय? दोन तास वेगळे ठेवणं. सोमवारी अभ्यासाचा तास, त्यात निर्णयाचा शब्द काढायला मनाई. गुरुवारी सभा. मधले दोन दिवस मुलं घरी विचारून येतात, आणि सोमवारचा कडक विरोधक गुरुवारी कधी कधी नव्या सूचनेसह येतो. सर्वसहमतीची एक खोटही मुलांपुढे झाकून ठेवू नये: गप्प बसणं म्हणजे होकार, असं गृहीत धरलं जातं.

गप्प कोण बसतं याचा अभ्यास बीना अगरवाल यांनी केला आहे. गुजरात आणि नेपाळमधल्या सामूहिक वनव्यवस्थापन गटांवरचं त्यांचं पुस्तक 2010 चं. सरपण आणि चारा आणणाऱ्या बहुतांशी बायका, आणि जंगल बंद करायचं ठरवणाऱ्या समित्यांत बहुतांशी पुरुष. मग नियम असे होत की कागदावर जंगल वाचे आणि बाई दूरवरून मोळी आणे किंवा चोरून तोडे. समितीत एखाद-दुसरी बाई बसवून काही बदलत नाही. पाव ते एक तृतीयांश जागा बायकांकडे आल्या की त्या बैठकीला येऊ लागतात, बोलू लागतात. आणि ज्या गटांत बायका अधिक, तिथं जंगलाची स्थितीही अधिक सुधारलेली अगरवाल यांना दिसली. आपल्याकडच्या वनहक्क नियमांतही 2012 च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात.

वर्गात हे तपासायला एका मुलीला किंवा मुलाला फक्त टिपणाचं काम द्यावं: कोण किती वेळा बोललं, कुणाचं बोलणं मधेच तुटलं. चर्चा संपल्यावर तो कागद मोठ्यानं वाचायचा. शिक्षकांचं नावही त्या यादीत असावं. अनेकदा सगळ्यांत वर तेच निघतं.

आता फळ्यावरच्या जंगलाची मर्यादाही सांगायला हवी. तिथं 100 हा आकडा कुणीतरी दिलेला असतो, वाढीचा वेगही. खऱ्या जंगलात दोन्ही ठाऊक नसतात, आणि निम्मी भांडणं तिथूनच उगवतात. या बाबतीत उत्तराखंडातलं काम नावाजण्यासारखं आहे. अल्मोड्याच्या उत्तराखंड सेवा निधी पर्यावरण शिक्षा संस्थेनं डोंगरातल्या शाळांसाठी सहावी ते आठवीच्या कार्यपुस्तिका तयार केल्या. पुढे हा अभ्यासक्रम राज्याच्या शाळांमध्ये स्वतंत्र विषय म्हणून आला. त्यात विषय आहे तो मुलांचंच गाव. घरी रोज किती सरपण जळतं ते मुलं वजन करून पाहतात, जनावरं किती चारा खातात ते मोजतात. जंगलात ठरावीक मापाचे चौकोन आखून त्यातली झाडं, रोपं, गवत मोजतात आणि त्यावरून सगळ्या जंगलाचा अंदाज बांधतात. मग एका बाजूला गावाची गरज आणि दुसऱ्या बाजूला जमिनीची ऐपत. बहुतेक वेळा ताळा जुळत नाही. किती कमी पडतं हे स्वतःच्या वहीतून कळलेल्या मुलापुढे ‘झाडे लावा’ छाप भाषण करायची गरज उरत नाही. तो विचारतो, कोणती लावायची, कुठं, आणि तोपर्यंत बकऱ्या कुठं चारायच्या?

मोजमाप हाती आल्यावरही काही निर्णय पैशाच्या पलीकडे जातात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण मुलांसमोर ठेवलं की वर्ग हमखास दुभंगतो. 2012 मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गावानं बसून नियम केले. बांबू तोडून विकायचा, पण कोवळ्या कोंबांना हात लावायचा नाही. विदर्भात या कोंबांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी आवडीनं खातात, तेव्हा हा नियम जिभेवरही होता. खरा धाडसी निर्णय तेंदूपत्त्याचा, म्हणजे टेंभुर्णीच्या पानांचा. उन्हाळ्यातली ही हमखास रोख कमाई. पण कोवळी पानं भरपूर यावीत म्हणून झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि टेंभुर्णीला फळ धरत नाही. पाचगावनं पानं तोडणं थांबवलं. शिवाय जंगलातला सुमारे 34 हेक्टरचा तुकडा देवराईसारखा राखून ठेवला.

हे बरोबर केलं का? एक मूल म्हणतं, पाखरांना आणि माणसांना टेंभरं मिळाली, आग थांबली. दुसरं म्हणतं, ज्यांच्याकडे शेतीच नाही त्यांचे मे महिन्यातले पैसे गेले त्याचं काय? दोघांचंही खरं आहे. पाचगावला हे परवडलं त्यात बांबूच्या उत्पन्नाचा वाटा मोठा. बांबू नसलेल्या गावानं हाच नियम उचलला तर उन्हाळ्यात घराघरातून माणसं मजुरीला बाहेर पडतील. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाची कमाई सीताफळाची, तिथलं गणित आणखी वेगळं. एका गावाचा नियम दुसऱ्या गावाला चिकटवता येत नाही, पण नियम कसा केला ती रीत उसनी घेता येते, आणि तेवढी घेतली तरी पुष्कळ.

वर्गातल्या खेळानं खरंच काही बदलतं का, ही शंका रास्त आहे. मुलं तासापुरती शहाणी होतात आणि घंटा झाली की खिडकीतून खडू फेकतात. याचं एक उत्तर जंगलाबाहेरून आलं आहे. रुथ मेन्झेन-डिक आणि सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातल्या गावांत भूजलाचा खेळ नेला: कोणतं पीक घ्यायचं ते निवडा, जास्त पाणी पिणारं की कमी, आणि सामायिक पाण्याची पातळी पाहत राहा. खेळानंतर गावानं एकत्र बसून जे घडलं त्यावर बोलायचं. ज्या गावांत खेळ झाला, तिथं पाण्याच्या नोंदी आणि वापराचे नियम करण्याचं प्रमाण इतर गावांपेक्षा अधिक निघालं. खेळणारी मंडळी प्रौढ होती, हे खरं. पण खेळानंतरची बैठक गाळून नुसता खेळ घेतला तर तो सापशिडीच्या वर जात नाही, हे शाळेलाही लागू पडतं. चाळीस मिनिटांच्या तासिकेत वीस मिनिटं खेळ आणि वीस मिनिटं बोलणं, अशी वाटणी असायला हवी. प्रत्यक्षात खेळ पस्तीस मिनिटं खातो.

राहता राहिलं अकरावं वर्ष. 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात ऑलिव्हर हाउझर, मार्टिन नोवाक आणि सहकाऱ्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. पाच जणांचा गट, शंभराचा साठा. पाच जणांनी मिळून निम्म्यापर्यंत घेतलं तर साठा पूर्ण भरून पुढच्या गटाला मिळतो, जास्त घेतलं तर पुढच्यांना काहीच नाही. पुढचे कोण ते ठाऊक नाही, ते भेटणार नाहीत, उलट काही देणारही नाहीत. प्रत्येकानं आपापलं ठरवलं तेव्हा साठा जवळजवळ नेहमीच संपला, आणि संपवणारे थोडेच होते. बहुतेक जण बेतानं घेत होते. मग मतदान ठेवलं: प्रत्येकानं आकडा सुचवायचा आणि मधला आकडा सर्वांना लागू. साठा टिकला. मोजक्या हावऱ्यांना लगाम बसला, आणि ‘मी सोडलं तर दुसरा नेईल’ ही बेताच्या माणसांची धास्तीही गेली. मात्र मतदान काहींनाच बंधनकारक केलं तेव्हा ते निकामी ठरलं. कोंदोर्सेच्या चक्रात फसणारं मतदान इथं कामाला आलं, कारण प्रश्न ‘काय’ असा नव्हता, ‘किती’ असा होता.

शाळेत हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. आठवीच्या वर्गानं तासाच्या शेवटी फळ्यावर जो आकडा उरेल तो पुसायचा नाही. पुढच्या तासाला त्याच वर्गात सातवीची मुलं येऊन बसतात, आणि त्यांचं जंगल तिथूनच सुरू होतं. आठवीतल्यांना हे आधीच सांगायचं की शेवटची चिठ्ठी टाकून झाल्यावर, एवढं मात्र शिक्षकांना ठरवावं लागेल.